भाऊंच्या मेसचं बिनफवारणीचं जेवण

आम्ही कॉलेजचे जुने दोस्त भेटलो की अभ्यासाचा विषय चुकूनही निघत नाही. निघतो तो भाऊंच्या मेसचा! एकानं किस्सा काढला की दुसरा म्हणतो, "थांब, हा तर काहीच नाय!"

मिस्ड कॉल द्यायचे दिवस होते. पेठ गावात आम्ही एका खासगी होस्टेलवर राहायचो. समोरच भाऊंचं शेत. औषध फवारताना ते एकदा चक्कर येऊन पडले आणि त्यांनी फवारणीच सोडली. मग भाजी वेडीवाकडी यायला लागली, व्यापारी घेईनात. म्हणून मेस काढली. "पोरं जेवली तर ठीक, न्हाई तर पुन्यांदा पंप पाठीवर," म्हणायचे.

* * *

पहिल्या दिवशी बोर्ड लागला: 'सेंद्रिय जेवण'. आमचा सचिन म्हणाला, "हे पेशंटचं जेवण दिसतंय!" कुणीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंनी बोर्ड बदलला: 'भात पोटभर'. संध्याकाळी बसायला जागा नाही!

* * *

जुन्नरच्या इम्रानच्या अब्बांचा भाजीचा गाळा. वाकडी काकडी बघून तो म्हणाला, "भाऊ, असला माल अब्बा परत पाठवतात!"

"आन् तुला कसा काय ठिवून घेतला रं?"

* * *

वर्गातली वैशाली सहज बोलून गेली, "इथं जेवायला लागल्यापासून माझे पिंपल्स गेले." झालं! दुसऱ्या दिवशी मुलींची रांग. तिसऱ्या दिवशी सचिन पावडर थापून हजर, आणि दुधीची भाजी तीनदा मागून घेतली. घरी दुधी केला की हा पठ्ठ्या उपाशी झोपायचा!

* * *

पुढं होस्टेलची सगळी मेस एकालाच द्यायची, असं ठरलं. भाऊंच्या विरुद्ध एक बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर. रेक्टर सर म्हणाले, "वशिला चालणार नाही. दोघांची फ्लॉवरची भाजी, नावं नाहीत, नुसते नंबर. चाखा आणि हात वर करा."

भाऊंनाच निवडायचं, हे आमचं पक्कं. पण दोन्ही भाज्या चवीला अगदी सारख्याच की! भाऊंच्या फ्लॉवरात अधूनमधून अळी निघायची, तेवढीच काय ती खूण. इतक्यात इम्रानला दोन नंबरात अळी सापडली. त्यानं ती चपातीखाली दडवली आणि डोळा मारला. निरोप रांगभर फिरला.

"दोन नंबर!" सगळे हात वर. सचिनचे तर दोन्ही!

सरांनी चिठ्ठी उघडली. दोन नंबर कॉन्ट्रॅक्टरचा!

भाऊ मटकन खाली बसले. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दारातून ओरडल्या, "आरं पोरांनो, परीक्षा म्हनून पहाटंपासनं एकेक तुरा मिठाच्या पाण्यात बुडवून अळ्या काढल्यात मी!"

इम्रान ताडकन उठला. चपाती बाजूला करून त्यानं ताट थेट सरांच्या नाकाखाली धरलं.

"सर, भाजीत अळी! मतदान परत घ्या!"