तुआसला टायरचं यंत्र घ्यायला गेलो तेव्हा

विमान उतरायला लागलं तेव्हा खिडकीतून आधी जहाजंच दिसली. समुद्रावर जिकडे बघावं तिकडे नांगरून उभी. शेजारच्या बाईंना मी कौतुकाने सांगितलं, "माझा दादा अशी जहाजं दुरुस्त करायचा." त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. पहिल्याच परदेशप्रवासात माझं कौतुक ऐकायला कोणी तयार नव्हतं.

मी कराडची. माझी रोपवाटिका आहे आणि रोपांचा टेम्पो मीच चालवते. दादाची सगळी नोकरी सिंगापुरात, सेम्बावांगच्या गोदीत झाली. निवृत्त झाल्यापासून त्याने एकच ध्यास घेतला होता. ऑस्ट्रेलियातल्या मित्राचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन महिनाभर तो देश हिंडायचा. त्या घरामागे एक छोटी मोटार जोडायची, ती आपल्याच चाकांवर मागून ओढत न्यायची आणि मुक्काम पडला की बाजारहाटासाठी सोडवून घ्यायची. दादा, वहिनी आणि मी असे तिघं आठवड्याभरात निघणार होतो. "तू नुसती बस, गाडी मी चालवणार," असं दादाने मला फोनवरच बजावलं होतं. नुसतं बसायला मी कशाला हवी, हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

सेम्बावांगच्या फ्लॅटवर पोचल्यावर चहा झाला आणि दादाने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. मोटरहोममागच्या मोटारीचं टायर बसलेलं, आणि पुढच्या चालकाला त्याचा पत्ताच नाही. तो आपला निवांत चाललेला. टायरच्या चिंध्या उडतात, मग ठिणग्या, मग धूर. शेवटी मोटार पेटते, तरी हा चाललेलाच.

"एवढ्या अवजड गाडीत मागचं काही जाणवत नाही," दादा म्हणाला. "म्हणून टायरची हवा सांगणारं यंत्र हवं. ते घेतल्याशिवाय मी किल्लीला हात लावणार नाही."

प्रवासाची हौस मला होती, पण तो मोबाइल मी टेबलावर पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉकर सेंटरमध्ये (एका मोठ्या छपराखाली ओळीने खाण्याचे गाळे) गेलो. रोटी प्राटा मागवला. तो आपल्या लच्छा पराठ्याचा चुलतभाऊच, सोबत वाटीभर पातळ, झणझणीत करी. गाळ्यावरच्या माणसाने "एग ऑर प्लेन?" विचारलं, की लगेच वहिनी मराठीत म्हणे, "अंडं घालू की साधा, विचारतोय." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खुर्ची मागितली, तेही वहिनीने भाषांतर करून सांगितलं. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसल्यावर प्रत्येक स्टेशनची घोषणासुद्धा. मला एवढं इंग्रजी कळतं हो! वहिनी इतकी वर्षं इथे राहिली म्हणून आपल्याला अगदीच अडाणी समजते की काय, असं वाटून मी जरा फुगूनच बसले.

जुरोंग ईस्टला गाडी बदलली. शेवटची स्टेशनं जवळ आली तशी घरं मागे पडली आणि कारखान्यांची छपरं सुरू झाली. तुआसला उतरलो तेव्हा ऊन डोळ्यांत जात होतं आणि रस्त्यावरून ट्रेलर एकामागून एक धडधडत होते. अवजड वाहनांच्या टायरांचं एक दुकान दादाने आधीच हेरून ठेवलं होतं. दुकानदार पन्नाशीचा चिनी गृहस्थ, बोलायला मोकळा.

निवड करायला दादा बसला तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. टायरच्या आत बसणारं यंत्र पक्कं, पण त्यासाठी सगळी टायरं उतरवावी लागतात, आणि गाडी मित्राची. तेव्हा हवा भरायच्या तोंडावर टोपीसारखं फिरवून बसवायचं तेच बरं. मागच्या मोटारीचा संदेश पुढपर्यंत पोचायला मधे एक छोटी पेटीही हवी. हळूहळू गळणारी हवा ते पकडतं का? उन्हाने टायर तापलं तर? दादाने सगळं खोदून खोदून विचारलं.

"आता वाजवून दाखवा," तो म्हणाला.

दुकानदाराने एका टायरवर टोपी बसवली आणि हवा सोडली. दादाच्या हातातल्या, चालकापुढे बसवायच्या यंत्रातून इतका बारीक, टोचणारा आवाज आला की मी कानात बोट घातलं. काउंटरवरचे दोन ड्रायव्हर वळून बघायला लागले. दादा यंत्र उलटं करून, चष्मा नाकावर ओढून त्यामागची अक्षरं वाचत होता.

"सोडा ना हवा," तो म्हणाला.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. वहिनी दादाच्या खांद्याशी झुकली. "वाजलं हो. छान वाजलं."

"कधी?" दादा हसला. "फारच बारका आवाज आहे. याहून मोठा दाखवा."

दुसरं वाजलं. मग तिसरं. "अंकल, धिस वन लाउडेस्ट, लाह," दुकानदार तिथल्या वळणाच्या इंग्रजीत अवघडून म्हणाला. मी मुद्दाम दुकानाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिले. तिथेही लख्ख ऐकू येत होतं. तो व्हिडिओ पुन्हा डोळ्यांपुढे आला, आणि आता पुढच्या सीटवर आम्ही तिघं होतो.

"सगळी यंत्रं फालतू आहेत," दादा म्हणाला.

"दादा, मला तिकडून ऐकू आलं."

"तुझे कान तिखट असतील."

"माझे कान साठ वर्षांचे आहेत. तुला हे ऐकू येत नाही, दादा. गाडी तू चालवणार असशील तर मी त्यात बसणार नाही."

त्याने वहिनीकडे पाहिलं. "तुला येतंय?"

वहिनीने होकाराची मान हलवली. दादाने यंत्र काउंटरवर ठेवलं आणि तो बाहेर निघून गेला.

मी वहिनीवर उखडले. "तुम्हाला माहीत होतं?"

"गोदीतले हातोडे, ग्राइंडर, सगळं कानांवरच ना," ती म्हणाली. "जाड आवाज येतात अजून. बारीक गेले. मायक्रोवेव्ह नाही, दारावरची बेल नाही. बायकामुलांचं बोलणंही निम्मंच पोचतं. त्यांना वाटतं, लोकच हल्ली पुटपुटतात."

"मग सांगायचं नाही?"

"घरात मी होते ना."

सकाळपासूनचं ते सगळं भाषांतर कोणासाठी होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. भांडायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

दादा फुटपाथवर पाठमोरा उभा होता. जावं की जाऊ नये, कळेना. रागाने सगळा बेतच मोडेल, अशी धास्ती वाटत होती. आणि बेत मोडला नाही तर त्याहून जास्त. अखेर तो आत आला. कोणाकडेही न बघता त्याने दुसरा संच पुढे ओढला. हवा उतरली की तो वाजायचाच, शिवाय त्याचा अख्खा पडदा लाल होत असे.

पडदा कुठे बसवायचा ते चालकाच्या उंचीवर ठरतं, म्हणून दुकानदाराने विचारलं, "हू ड्राइव्ह?"

दादा खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

"माय सिस्टर," तो म्हणाला. "शी ड्राइव्ह."

परतीच्या गाडीत दादा माझ्या बाजूला सरकला. "ते वाजलं की मला सांगशील?"

"सांगेन."

"ओरडू नकोस. हाताला हात लाव."

मी हो म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला रडू आवरत नव्हतं.

ऑस्ट्रेलिया आम्ही नीट फिरून आलो. गाडी मीच चालवली. यंत्र एकदाच वाजलं, आणि मागच्या मोटारीचं टायर वेळेत बदलता आलं. आता कराडला येऊन महिना झाला. लोक सिंगापूरचं विचारतात, मी रस्त्यांची स्वच्छता सांगते, प्राट्याची चव सांगते. पण माणसाचं एखादं इंद्रिय जातं आणि त्यालाच ते कळत नाही, कारण प्रेमाची माणसं मधली फट भरून काढत असतात, हे काही मनातून जात नाही. परवा जेवताना मी मुलीला सरळ विचारलं, "माझं असं काही आहे का गं, जे तुम्ही सगळे सांभाळून घेता?"

"काही नाही गं आई," ती म्हणाली. पण त्याआधी तिने जावयाकडे पाहिलं.