अंगठी आणि अर्थची पट्टी

आमचे हे फौजेतून सुटून आले, ते तिथल्या वर्कशॉपची शिस्त घेऊनच. तासगावात रस्त्याकडेला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि मागं घर. गाडीच्या बॅटरीजवळ हात न्यायचा तर घड्याळ, अंगठी, कडं आधी काढायचं, हा ह्यांचा नियम. माझ्या काचेच्या बांगड्यांना तेवढी सूट, कारण काचेतून करंट जात नाही. पाटल्या मात्र डब्यात.

एकदा विट्याकडचे एक गलाईवाले मोटार घेऊन आले. दूर मद्रासकडं त्यांचं सोनं गाळायचं दुकान. जत्रेसाठी गावी निघाले होते. गाडी नव्या तऱ्हेची, चार्जिंग सांभाळायला तिच्यात एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी. पण चार्जिंगचा लाल दिवा काही विझत नव्हता. वाटेत कुणीतरी ती डबीच बदलायला सांगितलेलं.

"इंजन चालूच हाय, चार्जिंग व्हतंय का ते बॅटरीची तार काढून बघू," म्हणत त्यांनी पाना घेऊन बॉनेटखाली हात घातला. ह्यांनी त्यांचं मनगटच धरलं.

"आवं, चालू इंजनात तार काढली तर डबी जळंल. आन् ती अंगठी पान्याबरोबर बॅटरीला चिकटली तर बोट भाजंल. फौजेत बघितलंय मी. तुमी बसा, मी करतो."

"बसू कसा? येवढ्या लांब एकटा गाडी हाणतो मी. मला बी शिकवा की."

"मग इंजन बंद करा आन् अंगठी काढा."

इंजिन बंद झालं, अंगठी निघेना. लग्नातली अंगठी, आणि बोट तेव्हापासून चांगलंच भरलेलं. मी खोबरेल तेल आणि दोरा आणला. दोऱ्याचं टोक अंगठीखालून घेतलं, अंगठीपुढचं बोट नखापर्यंत त्यानं घट्ट गुंडाळलं आणि तळव्याकडचं टोक धरून हळूहळू उलगडायला लागले. गलाईवाल्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या.

"वैनी, दमानं! कारभारीण इचारंल, कुणी काढली म्हणून!"

एवढ्यात अंगठी उडाली आणि थेट इंजिनाच्या फटीत गेली.

ह्यांनी आधी बॅटरीची अर्थची, म्हणजे मायनसची, तार सोडवली, मग टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "घावली!"

"अंगठी?"

"अंगठी बी घावली. पर आधी हिकडं या."

इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजून सैल लोंबत होती. डबीचा काही दोषच नव्हता; करंट परतायची वाटच अडली होती, म्हणून दिवा जळत होता. गलाईवाल्यांनी पांढरा शर्ट काढून ठेवला, गाडीखाली आडवे झाले आणि ह्यांनी सांगितलं तसं पॉलिश पेपरनं गंज घासून पट्टी स्वतः आवळली. बॅटरीची तारही त्यांनीच जोडली. चावी फिरवली, इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.

"ऱ्हातोय का इझलेला, बघून येऊ. वैनी, तुमी बी बसा!"

मी पहिल्यांदाच मोटारीत बसले. हे पुढं वाकून दिव्याकडं बघत होते. मी काच खाली करून द्राक्षबागा बघत होते, आणि गाडी लवकर मागं वळू नये असं मला वाटत होतं.