घरी इंग्लिशच बोला!

ऑफिसात धूळ आणि किस्से आपोआप साचतात. धूळ निदान हाऊसकीपिंगवाले पुसतात!

आमचं ऑफिस पुण्यात, खराडीला. काम एकच, परदेशी ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या. ट्रेनिंगला सबनीस सर. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "घरी इंग्लिशच बोला!"

* * *

मी कसबा पेठेतला. संध्याकाळी बायकोशी वाजलं. फर्मान आठवून मी म्हणालो, "यू आर इम्पॉसिबल!"

ती म्हणाली, "सेम टू यू!"

पुढचे शब्द दोघांकडेही नव्हते. भांडण तिथंच मिटलं. आता माझा आवाज जरा चढला की ती शांतपणे सांगते, "अहो, इंग्लिशमध्ये भांडा."

* * *

नीलेश लोणी काळभोरचा, शेतकऱ्याघरचा. तो म्हणाला, "सर, आमच्या घरात इंग्लिश निस्तं कुत्र्याला कळतंय."

"मग त्याच्याशी बोला," सर म्हणाले.

पठ्ठ्यानं ते मनावर घेतलं! पुढच्या आठवड्यात सर खोटा ग्राहक होऊन बोलत होते. त्यांनी ऑर्डर नंबर बरोबर सांगितल्याबरोबर नीलेश खूश होऊन म्हणाला, "गुड बॉय!"

सर थंडपणे म्हणाले, "बिस्किट कुठंय?"

* * *

वैशाली यवतमाळची. इथं हॉस्टेलवर राहते, म्हणून रोज फोनवर आईशी इंग्लिश बोलायला लागली. आईनं दोन दिवस ऐकून घेतलं. मग घाबरून आपल्या भावाला कळवलं, "पोरगी तापात बडबडून राहिली!"

दुसऱ्या दिवशी हडपसरचे मामा थर्मामीटर घेऊन हॉस्टेलवर हजर!

* * *

याच वैशालीची शेवटची टेस्ट. आधी दोनदा नापास झालेली. आता हुकलं की नोकरी गेली आणि यवतमाळला परत. तिथं तिच्यासाठी मुलगा बघून ठेवलेला, आणि तिला तो नको होता. आम्हालाही तिची काळजी वाटत होती.

नियम साधा होता. फोनवर मराठीचा एक शब्द आला की नापास.

त्या दिवशी सर घरून बोलत होते, चिडलेले अमेरिकन ग्राहक होऊन. आम्ही हेडफोन लावून ऐकत होतो. सर इंग्लिशमध्ये नुसते कडाडत होते. वैशाली मात्र उत्तरं नीट देत होती.

एवढ्यात तिकडून एका म्हातारीचा आवाज आला, "बाळ्या, आण तो फोन इकडे! कुणाच्या लेकीवर ओरडतोयस एवढा?"

फोन सरांच्या आईच्या हातात गेला. "कोण गं बाळ तू? घाबरू नकोस हं. जेवलीस का?"

वैशालीनं आमच्याकडे पाहिलं. नीलेश जोरजोरात मान हलवून 'नको, नको' करत होता.

वैशालीनं डोळे मिटले. "जेवली जी, आई. तुमी जेवल्या का?"

पलीकडून फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वैशाली, नियमाप्रमाणे नापास."

तिनं बॅग उचलली.

"बसा. ग्राहकाच्या आईनं पास केलंय. सोमवारपासून कामाला लागा." सरांनी चष्मा पुसला. "आणि रविवारी तिनं तुम्हाला जेवायला बोलावलंय. येताना इंग्लिश इथंच ठेवून या."