टॉवेलाखालचा फासा

या जगात पैसे देऊन घ्यावी लागेल अशी एकही वस्तू नाही, फक्त माणूस चिवट पाहिजे, हे तळेगाव ढमढेऱ्यात बसून ज्यांनी सिद्ध करून दाखवलं ते आमचे साडू. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून सगळी पेठच त्यांना दाजी म्हणते. पेठेत त्यांचं ठिबकच्या पायपांचं दुकान आहे. आता, हा माणूस कंजूष आहे असं मी म्हटलं तर माझी जीभ झडेल. आलेल्या गिऱ्हाइकाला चहा, त्याच्या ड्रायव्हरला चहा, पत्ता विचारायला थांबलेल्याला चहा आणि वर खारी. पण मोबाइलनं किंवा कॉम्प्युटरनं पैसे मागितले की यांची मूठ जी आवळते ती देवाच्या बापाला उघडत नाही. "जे हाताला लागत न्हाई, त्याचं कसलं पैसं?" हा त्यांचा सवाल. कुठलंही ॲप पहिला महिना फुकट असतं, म्हणून साडू दर महिन्याला नव्या नावानं जन्म घेतात. आधी स्वतःचं नाव वापरलं, मग बायकोचं, मग माझं, मग चुलत्यांचं. माणसं संपली तेव्हा गोठ्यात गेले. त्यांच्या तिन्ही म्हशींना ईमेलचे पत्ते आहेत. त्यातल्या गौरीला एक कंपनी दरवर्षी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवते आणि साडू त्या गोठ्यात जाऊन तिला वाचून दाखवतात.

अशा माणसाला वेड कसलं लागावं, तर गोष्टीच्या खेळाचं. पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं एका सुट्टीत तो आणला. भाचा पुढं नोकरीला बंगळूरला गेला आणि खेळ इथंच राहिला. खेळ सोपा आहे. चार माणसं बसतात. एकजण गोष्ट सांगतो, तो मास्तर. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि आपापल्या माणसानं काय करायचं ते सांगतात. 'मी नदी उडी मारून ओलांडतो' म्हणालात की ते जमलं का नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा आला तर पलीकडं, लहान आला तर नदीत. गेली सहा वर्षं दर रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही हे करतो. साडू मास्तर. रांजणगावच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करणारा मी, खेळात मात्र राजवैद्य. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी कोमल ही दरोडेखोर, आणि ती भूमिका तिला इतकी शोभते की दाखले काढायला आलेले लोक उगीच घाबरत नाहीत. माझा राजवैद्य या सहा वर्षांत दरीत पडला, सापानं डसला, एकदा चुकून स्वतःचंच विष प्यायला, तरी ठणठणीत आहे. ते सगळं माझ्या डोक्याच्या जोरावर, असं मी घरी नेहमी सांगत आलोय.

या खेळासाठी कॉम्प्युटरवर काय काय मिळतं म्हणता! नकाशे, राक्षस, ढगांचे गडगडाट. कोमल वर्षानुवर्षं सांगत होती, "दाजी, भरा की पैसं, किती भारी दिसंल!" साडू ऐकून घ्यायचे आणि पायपांच्या कंपन्यांच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर स्केचपेननं नकाशा काढायला बसायचे. त्यावर पायपाचा वाकडा एल्बो ठेवला की तो शिपाई, तीन तोंडांची टी ठेवली की राक्षस, आणि लाल मुठीचा बॉल व्हॉल्व्ह म्हणजे आग ओकणारा अजगर. ऐन लढाईत गिऱ्हाईक आलं आणि अजगर विकला गेला, असं दोनदा झालंय. मास्तरनं काही फासे लपवून टाकायचे असतात, त्यासाठी पुठ्ठ्याचा रंगीत पडदा मिळतो, पण साडूंनी खांद्यावरचा टॉवेल मांडीवर पसरला. "बैलबाजारात एवढाल्या जोड्यांचं सौदं टॉवेलाखाली हुत्यात, तिथं एका फाश्याला पडदा कशाला?" तेव्हापासून आमच्या खेळातले सगळेच फासे टॉवेलाखाली पडतात. साडू आत हात घालून खुळखुळवतात, वाकून बघतात आणि आकडा जाहीर करतात.

या उपमेवर सगळ्यात जास्त खूश झाले ते आमचे चौथे भिडू, केंदूरचे आप्पा. वय सत्तरीच्या पुढं. घराण्यात पूर्वी मेंढरं होती, पण आप्पांनी हयात काढली बैलांच्या दलालीत. त्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबायची, तेवढ्यात सौदा ठरतो आणि शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नाही. आप्पा एकदा बॉल व्हॉल्व्ह घ्यायला आले आणि अजगर बघून बसले ते बसलेच. तुला कोण व्हायचंय असं विचारल्यावर कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. आप्पा झाले राणी चंद्रकळा, वय बावीस, घोड्यावरून बाण मारणारी! पांढऱ्या मिशा, डोक्याला पटका, गालात तंबाखू, आणि म्हणायचे, "म्या रानी हाय. म्या न्हाई सरायची मागं." एकदा राक्षसानं वाट अडवली तर राणीनं बाण काढला नाही, बैलाचे तपासतात तसे त्याचे दात तपासले आणि म्हणाली, "ह्यो आठ वर्साच्या वर हाय, दमतोय बघा आता." हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

काही महिन्यांपूर्वी आप्पा गोठ्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं आणि लेकीनं त्यांना यवतला स्वतःच्या घरी नेलं. तीन रविवार आम्ही तिघंच बसलो. राणीशिवाय मजा नाही. चौथ्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "दाजी, आप्पा भिंतीकडं तोंड करून पडत्यात. डॉक्टर म्हणत्यात, आत्ता चाललं न्हाईत तर पुन्हा चालायचं न्हाईत. व्यायाम करून घेणारा पोरगा येतो, त्येला अंगाला हात लावू देईनात. तुमी तरी बोला." साडू बोलले. आप्पा फक्त 'हूं' म्हणाले.

मग कोमलचं ऐकायचं ठरलं. आप्पांच्या नातीच्या लॅपटॉपवर नकाशा, राक्षस, फासा, आमची तोंडं, सगळं दिसेल. अर्थात पैसे भरून नव्हे. गौरी म्हशीच्या नावानं साडूंनी फुकटचा महिना उघडला. रविवारी पडद्यावर यवतची ती खोली उमटली, उशीला टेकलेले आप्पा दिसले, आणि त्यांना आम्ही दिसताच त्यांनी नातीला फर्मावलं, "पटका दे माजा!" पटका बांधला, मिशीवरून हात फिरवला. "आली रं रानी! कुठं हाय त्यो राक्षस?" मागं उभी लेक तोंडाला पदर लावून हसत होती.

राक्षस भीमेच्या काठी होता. राणीनं बाण सोडला. पण हा फासा टॉवेलाखालचा नव्हता. फुकटच्या प्रकारात तो पडद्यावर सगळ्यांसमोर गडगडायचा. दोन आले. राणी घोड्यावरून पडली. राक्षसाच्या वाट्याला एकोणीस. पुन्हा राणीला तीन. आणखी एक वाईट आकडा आला की चंद्रकळा संपली. आप्पांचा हात पटका उतरवायला हळूहळू डोक्याकडं गेला, आणि तेवढ्यात साडू ओरडले, "आरं, लाईट गेली!" आणि त्यांनी आमच्यापुढचा लॅपटॉप फाडकन मिटला. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"दाजी, लाईट हाय," कोमल म्हणाली.

साडू टॉवेलानं मान पुसत बसले. मग म्हणाले, "सा वर्सांत एकदाबी खरा आकडा सांगितला न्हाई मी त्या रानीचा. अगं, ती सतरा येळा मेली असती. आन् आज मेली, तर त्यो म्हातारा उठंल व्हय?"

कोमलनं लॅपटॉप पुन्हा उघडला आणि शांतपणे सांगितलं, "दाजी, पैसं भरलं तर मास्तरला फासा लपवून टाकता येतो." अहो, ज्या माणसानं म्हशीला ईमेल दिला, त्यानं गल्ल्यामागच्या खणातून कार्ड काढलं, चष्मा लावला, मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्यानं वाचत वाचत टाकला आणि हाताला न लागणाऱ्या वस्तूचे पैसे भरले! मी बायकोला लगेच फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "दाजींची तब्येत बरी आहे ना?"

पुढच्या रविवारी लपवलेला फासा पडला. पडद्यावर नुसतं आलं की मास्तरनं फासा टाकला. साडू छाती फुगवून म्हणाले, "अठरा! रानी घोड्यावर बसली."

आप्पांनी पडद्याजवळ तोंड आणलं. मग म्हणाले, "दाजी, टॉवेल कुठं हाय?"

"आता कॉम्प्युटरच झाकतोय आप्पा. पैसं भरल्यात!"

"त्याला काय झाकता येतंय? चाळीस वर्सं टॉवेलात हात घालून काढल्यात म्या. भाईरचं कोपर बघून आत काय चाललंय ते कळतं मला. माजी रानी कुणामुळं जगली, मला ठावं न्हाई व्हय?"

साडूंचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. आप्पांनी उशाजवळचा टॉवेल ओढला, उजवा हात त्याखाली घातला आणि कॅमेऱ्यापुढं धरला. "या. सौदा करू."

साडूंनी खांद्यावरचा टॉवेल काढून आपला हात झाकला आणि तोही पुढं धरला. एक हात यवतला, एक तळेगावात. बोटाला बोट लागायचं काही कारणच नव्हतं. तरी दोन्ही टॉवेल हलत होते. साडूंनी मान नाही म्हणून हलवली. आप्पांनी भुवई उडवली. साडू पुन्हा नाही म्हणाले. आप्पांनी जरा वेळ घेतला, आतली बोटं बदलली, आणि दोघं एकदमच म्हणाले, "जमलं!"

राणी त्या दिवशी राक्षसाला नदीपार हाकलून आली. सोमवारी लेकीचा फोन आला, की आप्पांनी स्वतःहून वॉकर मागवला आणि दारापर्यंत जाऊन आले. त्या टॉवेलाखाली काय ठरलं होतं ते साडूंनी आम्हाला अजून सांगितलेलं नाही. धंद्यात ते सांगत नसतात म्हणे.

आप्पा आता अंगणात फिरतात, पण लेक काही त्यांना केंदूरला सोडत नाही, आणि तळेगावच्या जीपमध्ये चढणं आता त्यांना जमायचं नाही. दुकानात ते ज्या क्रेटवर बसायचे, त्यावर आम्ही लॅपटॉप ठेवतो. लपवायचा फासा कुणी वापरत नाही, टॉवेलच चालतो. तरी साडू दर महिन्याला पैसे भरतात. बंद करून गौरीच्या धाकट्या बहिणीचं नाव वापरा, असं मी चिडवून बघितलं, तर म्हणाले, "आन् नेमकं रविवारी आप्पा दिसलंच न्हाईत तर?" मी पुढं चिडवलं नाही.

मागच्या रविवारी माझा राजवैद्य पेटलेल्या पुलावरून पळत होता. साडूंनी स्टुलावर पसरलेल्या टॉवेलाखाली फासा टाकला, वाकून बघितलं, "सोळा, वाचला वैद्य," म्हणाले आणि गिऱ्हाइकाला पाईप दाखवायला बाहेर गेले. टॉवेल स्टुलावर तसाच होता. मी उगीच त्याचं टोक उचललं. फाश्यावर दोन होते. सहा वर्षांतल्या त्या सगळ्या दऱ्या आणि सगळे साप मला एकदम आठवले. समोर पडद्यावर आप्पा मिशीत हसत होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मी टॉवेल होता तसा नीट झाकून ठेवला आणि साडूंची वाट बघत बसलो.