दाजींचा बराबर

आमच्या दाजींइतके हातपाय अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसऱ्या कुणी मोडले नसतील. सगळे ब्रशानं मोडले, ही गोष्ट वेगळी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वारंगा फाट्यावर त्यांचं पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवायचं दुकान. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे उतरवलेले फ्लेक्स ते मागून आणायचे, मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रकथा काढायचे आणि दुकानाबाहेर टांगायचे. कथेच्या नायकाचं नाव 'बराबर'. तोंडाला काळी दस्ती बांधलेली, हातात ट्रकचं चाक खोलायची लोखंडी टामी. पोलीस, कोर्ट, पंच असल्या भानगडीत तो पडायचाच नाही. दुधात पाणी घालणारा असो की एसटीत बायाबापड्यांना धक्के देणारा, बराबर त्याला धरायचा, तुडवायचा आणि म्हणायचा, "आता झालं बराबर!" रक्तासाठी लाल ऑइलपेंट इतका जायचा की बहीण करवादायची, "आधी आपल्यालाच उपाशी मारतंय बघा तुमचं हे भूत!"

लोक फर्माइशी घेऊन यायचे. हट्टा गावच्या एका गुरुजींनी तर स्वतःच्या साडूला दोन ठोसे द्यायची विनंती केली. "देतो की," दाजी म्हणाले, "पण साडू दाखवा आधी. तोंड पाहिल्याबिगर आपण मारत न्हाई." हा त्यांचा नेमच होता. मार खाणाऱ्याचं नाक, हनुवटी, भुवया आधी डोळ्यांत साठवायच्या, मगच ब्रश उचलायचा. आणि एवढा रक्तपात करणारा हा माणूस घरात उंदीर सापडला तर पिंजरा सायकलला अडकवून पार शेतात सोडून यायचा. वर बायकोला सांगायचा, "लेकुरवाळी असंल गं बिचारी." आता बोला!

चित्रांतलं बोलणं त्यांची एकुलती एक लेक लिहून द्यायची, कारण दाजींचं शुद्धलेखन रामभरोसे. लिहितालिहिता ती भांडायची, "पप्पा, एवढं काहून मारता हो त्याला? बोलून तर बघा!" दाजी म्हणायचे, "बोलणारे लई हाईत दुनियेत."

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजातून येताना एका पिकअपनं तिला उडवलं, दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. गाडीवाला थांबला नाही. मागाहून सापडला आणि जामिनावर सुटलाही. आम्ही सारे धाय मोकलून रडलो. दाजींच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्यांनी फ्लेक्स टांगला. बराबरनं एकाची गचांडी धरलीय, टामी उगारलीय, आणि त्या माणसाला तोंडच नाही. नुसता पांढरा गोळा. त्या गोळ्याकडं बघवत नसे.

एके दिवशी ते मला म्हणाले, "मेव्हणे, मोटरसायकल काढा. साखऱ्याला जाऊन त्या गाडीवाल्याचं तोंड पाहून येऊ." त्यांच्या पिशवीत खरीखुरी टामी होती. मला दिसली, बहिणीलाही दिसली. ती एवढंच म्हणाली, "सोबत राहा रे बाबा."

पत्र्याचं घर होतं. दारात त्या गाडीवाल्या पोराची म्हातारी आई. आम्ही कोण, कुठले, काहीही न विचारता तिनं तांब्या पुढं केला. मरणाचं ऊन. दाजींनी सवयीनं तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. मग एकदम थबकले. आमच्याकडं ज्याच्या दारचं पाणी प्यालं, त्याच्यावर हात उचलत नाहीत. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे. दाजी माझ्याकडं बघून पुटपुटले, "हे काय झालं हो मेव्हणे? पाणी पिलो की मी!"

तेवढ्यात तो पोरगा आतून आला. फाट्यावरच्या पेंटरला कोण ओळखत नाही? बघताच तो खालीच बसला. "थांबायला पायजे होतं मी," म्हणाला.

"वर बघ," दाजी म्हणाले.

त्यानं वर बघितलं. दाजी कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग पिशवी उचलून चालू लागले. मागून म्हातारी म्हणत होती, "च्या तरी घेऊन जा की बाबा." आम्ही कशाला आलो होतो, ते तिला बिचारीला ठाऊक नव्हतं.

सेनगाव ओलांडलं. पुढं मागच्या सीटवरून आवाज आला, "तिच्याच वयाचं लेकरू हाय हो ते." आणि माझ्या पाठीला कपाळ टेकून दाजी लेकीचं नाव घेत रडायला लागले, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं वळून बघतील असं. घरी बहीण जीव मुठीत धरून बसली असणार, मला कळत होतं. तरी मी गाडी हळू केली. त्यांना रडू दिलं.