कमानीवरचं नाव

अकोल्याच्या स्टेशनावर गाडी सुटायला वेळ होता, तरी आत्यानं मला आधीच डब्यात बसवलं होतं. लग्नाला महिना झाला होता. हे दिल्लीला सरकारी ऑफिसात कारकून, क्वार्टर नुकतंच मिळालेलं. आई फलाटावर डोळे पुसत होती. आत्या मात्र रडली नाही. खिडकीतून हात घालून तिनं एक घडी घातलेला कागद माझ्या मुठीत दिला. त्यावर तिच्या यजमानांचं नाव होतं, आमच्या दर्यापूरच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. सखाराम.

"दिल्लीले मोठी कमान हाय म्हणतात," ती म्हणाली. "लढाईत मेलेल्यायची नावं कोरली हायेत तिच्यावर. त्यायचं बी असंन. पाहजो, न मले लिहजो."

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या पलटणीतून ते इराकातल्या बसऱ्याला गेले तेव्हा आत्या सोळा वर्षांची होती. वर्षभरानं सरकारी कागद आला, ते गेल्याचा. कुठं गेले, माती कुठं दिली, काही नाही. आत्या आमच्या घरी परत आली आणि तिथंच राहिली. मला तिनंच वाढवलं. चाळीस वर्षं तिच्याजवळ त्या माणसाची म्हणून दाखवावी अशी एक वस्तू नव्हती.

दिल्लीत मी लवकर रुळले, याचंच आज वाईट वाटतं. शेजारच्या पंजाबी बाईंनी उन्हात चारपाई टाकून मला स्वेटर विणायला शिकवलं. भाजीला सब्जी म्हणायला लागले. कमान बसनं अर्ध्या तासावर होती. "रविवारी जाऊ," असं हे एकदा म्हणाले. तो रविवार सिनेमात गेला. त्यानंतर मीच आठवण केली नाही. कागद ट्रंकेत साड्यांच्या खाली गेला.

घरच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी आत्याची ओळ असायची : कमान पाहिली का? चौथ्या पत्राला मी लिहून टाकलं, "पाहिली. नाव आहे. स्वच्छ कोरलंय." तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून लिहिलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या प्रश्नाचा कंटाळा आला होता.

दोन वर्षांनी गावातली माणसं हरिद्वारला निघाली, त्यांच्याबरोबर आत्या आली आणि दोन दिवसांसाठी आमच्याकडे उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून तयार. हे ऑफिसला गेले होते. आम्ही दोघीच बसनं गेलो.

ती कमान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. जवळ गेलो. दगडावर नावांच्या रांगाच रांगा, सगळ्या इंग्रजीत. माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. मी खरोखर शोधायला लागले, मनातल्या मनात देवाला हात जोडून. एक बाजू झाली, दुसरी झाली. आत्या मागून येत होती.

"अवं, शोधून काहून राहिली? तुले तं माईत हाय ना?"

हाताला पोचेल असं एक नाव 'एस'नं सुरू होत होतं. पुढं सिंग होतं. मी त्यावर बोट ठेवलं. "हे बघ."

आत्यानं त्या अक्षरांवरून हळूहळू हात फिरवला. "एवढंसंच?"

"इंग्रजीत असंच असतं."

ती डोक्यावर पदर घेऊन खाली बसली आणि दगडाकडं तोंड करून बोलायला लागली. घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "मी आली. उशीर झाला जरा. मामंजी गेले, सासूबाई गेल्या. वावरातल्या विहिरीले पाणी हाय अजून." मग माझा हात धरून तिनं मला पुढं ओढलं. "हे आपली सुमी. हिनंच तुमाले शोधलं."

समोर दगडी छत्रीखाली विलायतेच्या राजाचा पुतळा होता. मी तिकडं बघत राहिले.

आत्या हरिद्वारला गेली आणि मी यांना सगळं सांगितलं. हे रागावले नाहीत. म्हणाले, "वर मोठ्या अक्षरात लिहिलंय ते वाचलं नाहीस? त्यात मेसोपोटेमिया आहे. बसरा त्याच मुलखात. तिकडं पडलेल्यांचा मान त्या ओळीत आहे, त्यांची नावं इथं नाहीत. नावं आहेत ती वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची."

म्हणजे नुसती मान वर करून मी म्हणू शकले असते : आत्या, नाव नाही, पण जिथं ते गेले तो मुलूख इथं लिहिलाय. तिला ते पुरलं असतं. तिला खोट्याची गरज नव्हती, मला होती. यात्रेहून ती परस्पर गावी गेली. तिला खरं लिहायचं मी ठरवत राहिले आणि चार वर्षांनी ती वारली.

तिच्या दिवसांना दर्यापूरला गेले. ओसरीवर बायका बसल्या होत्या. गल्लीतली एक म्हातारी काठी टेकत माझ्याजवळ आली. "सुमाबाई, माह्या भावाचं बी नाव पाहजो. तो बी बसऱ्यालेच गेला होता." सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी म्हणाले, "पाहते."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना अशी पत्रं ठाऊक असतील. इकडं सगळं ठीक, तुमचं काम झालं. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढी एकच जागा उरली आहे, जिथं माझा शब्द कोणी पडताळून पाहत नाही. म्हणून तिथं जाताना जीव घाबरतो.

काल त्या म्हातारीला पत्र टाकलं. तुझ्या भावाचं नाव तिथं नाही, आत्याच्या यजमानांचंही नव्हतं, मी खोटं बोलले होते, असं सरळ लिहिलं. ते पत्र तिला कोणीतरी वाचून दाखवील आणि गल्लीभर कळेल. उन्हाळ्यात मी तिकडं जाईन तेव्हा हातातली पिशवी घ्यायला कोणी पुढं येईल की नाही, सांगता येत नाही. जाणार मात्र आहे.