तुरु म्हणजे गंज

आपली मराठी तंजावुरात आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असा अप्पांचा ठाम समज आहे. म्हणून साडीच्या दुकानात, बँकेत, डॉक्टरांच्या तोंडावरसुद्धा ते समोरच्याची लायकी मराठीतून आणि चढ्या आवाजात काढतात. अशा माणसाला बरोबर घेऊन मी जुनी गाडी विकत घ्यायला गेले.

गाडी हवी होती ती आत्याकडे जायला. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. ती पापनाशमच्या पलीकडे एका खेड्यात एकटी राहते. मागे एकदा अप्पा बसच्या पायरीवरून पडले आणि त्या दिवसापासून बसचं नाव काढलं तरी ते ताटावरून उठायचे. ऑटोत कंबर मोडते, टॅक्सीवाला लुटतो, रेल्वेला जिने चढावे लागतात. त्यामुळे भावाबहिणीचं भांडण दोन वर्षं फोनवर चाललं होतं, आणि फोनवर भांडायला मजा येत नाही याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. अप्पांनी ऐंशी ओलांडली, आत्या त्यांच्याहून मोठी. यांची गाठ आता पडली नाही तर कदाचित पडणारच नाही, हे घरात कुणी बोलत नव्हतं. मला मात्र त्याची धास्ती होती.

माझ्या कॉलेजच्या पगारात बसणारी गाडी म्हणजे नागपट्टिणमच्या खाऱ्या वाऱ्यात वीस वर्षं काढलेली एक पांढरी गाडी. मालक ती घेऊन एका चहाच्या टपरीसमोर उभा होता. अप्पांनी छत्रीच्या मुठीनं दारं ठोकली, खाली वाकून पाहिलं आणि माझ्याशी गुप्त सल्लामसलत सुरू केली.

"डोर बघ. फुल तुरु. टायर वीक, इंजिन फिनिश. प्राइस जास्ती सांगतो. फ्रॉड आहे हा."

तुरु म्हणजे तमिळमध्ये गंज. मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तमिळमधून एकेका मुद्द्याचं उत्तर दिलं. दाराचं काम करून घ्या, टायर नवे घाला, इंजिन चालवून बघा, आणि सार, मी फ्रॉड नाही.

अप्पांना धक्काच बसला. मी त्यांना बाजूला घेतलं. "अप्पा, तुमच्या गुप्त भाषेत 'बघ' आणि 'सांगतो' एवढंच गुप्त आहे. निदान तुरु तरी म्हणू नका. गंज म्हणा." लग्नानंतर काही वर्षं मी पुण्यात होते. तिथून परतताना नवरा आला नाही, पण असे थोडे शब्द आले.

"गंज?" अप्पांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. त्यांना तो फारच आवडला. ते पुन्हा गाडीकडे गेले आणि छत्री आपटत गरजले, "इकडे गंज! आंत गंज! डिकीत तर सगळा गंज!"

टपरीवरची सगळी डोकी वळली. चहा पिणाऱ्या एका पोलिसानं ग्लास खाली ठेवला. मालकाचा चेहरा पडला. "अय्यो सार, गांजा? माझ्या गाडीत? मुलाबाळांचा माणूस आहे मी!" त्यानं डिकी उघडली, स्टेपनी बाहेर काढली, सीट उचलून दाखवली. मग माझ्याजवळ येऊन कुजबुजत त्यानं किंमत एकदम खाली आणली आणि म्हणाला, अम्मा, घ्या आणि आत्ताच्या आत्ता घेऊन जा.

कमी झालेली किंमत सोडून देणं अप्पांच्या रक्तातच नाही. त्यांनी हात पुढे केला.

"अप्पा, गाडी गंजलीय!"

"तेच तर! त्यानंच कमी जालं!"

आमच्या गल्लीच्या टोकाला टिंकरची शेड आहे. टिंकर म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून जोडून देणारा. त्यानं पायातलं मॅटिंग उचललं तेव्हा मला गाडीत बसून जमीन दिसली आणि जमिनीवरची कोंबडीही दिसली. रंग खरवडला तर खाली पुट्टी, पुट्टी खरवडली तर खाली काहीच नाही. दारं काढली, फ्लोअर कापला. कधी होईल विचारलं की तो म्हणे, "नाळै." उद्या. आत्या फोनवर विचारी, "गाडी जाली काय रे?" अप्पा सांगत, "नाळै, अक्का." पुढेपुढे ती विचारीनाशी झाली आणि मला झोप लागेनाशी झाली.

एका रविवारी आम्ही शेडमध्ये टिंकरशी हुज्जत घालत होतो, तर समोरून आत्या. खेड्याच्या बसनं आलेली, हातात केळ्यांची पिशवी. शेजारणीनं तिला इकडे पाठवलं होतं.

"हेच काय तुझं कार?" असं म्हणून ती सरळ आत जाऊन बसली. दार नव्हतंच. टिंकरनं पायाखाली फळी टाकली. अप्पा दुसऱ्या बाजूनं चढले आणि लहानपणी तांब्या विहिरीत कुणी टाकला यावर दोघं जोरजोरात भांडू लागली. मी टपरीवरून कॉफी आणून दिली. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही. ज्यासाठी मी एवढा खटाटोप केला, ते गाडी एक इंचही न हलता चाललं होतं.

ऊन कलल्यावर आत्या उठली. अप्पा म्हणाले, "राहा की."

"घरात दिवा कोण लावणार? तूच ये."

"गाडी होऊ दे, मग..."

"मज गाडी नको रे. तू हवास."

बसस्टॉपपर्यंत अप्पा तिची पिशवी धरून चालले, केवळ सोडायला, असं मला सांगत. बस आली. आत्या आधी चढली, वळली आणि तिनं हात खाली केला. "धर." अप्पांनी तो धरला आणि औषधं, नेसायची वेष्टी, चश्म्याचं घर, काही न घेता ते बसमध्ये चढले. मी खाली उभीच राहिले.

पुढच्या आठवड्यात फोन आला. मागे आत्याचा चढलेला आवाज ऐकू येत होता.

"टिंकरला सांग," अप्पा म्हणाले, "काही घाई नाही. सावकाश होऊ दे."